गुडघाभर फरशी

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी मला वनखात्यात गार्डाची नोकरी लागली. माझं गाव वैरागच्या बाजूचं. पहिली नेमणूक झाली ती सोलापूरजवळ, कुंभारीच्या पलीकडच्या एका माळावर. घराण्यात खाकी कपडे घालणारा मी पहिलाच. पहिल्या महिन्यात मी बूट रोज पुसायचो आणि गावातली म्हातारी माणसं 'सायेब' म्हणाली की मान जरा जास्तच ताठ करायचो.

माळावर दुष्काळी कामात खड्डे खणून लिंब, करंज, सुबाभळीची रोपं लावलेली होती. माळ उतरून खाली गेलं की ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांनी जुन्या बाभळींचं दाट बन. माळावरचा एक जुना लिंब सोडला, तर उन्हाळ्यात मैलभर दुसरी सावली नव्हती. गावातून एक गाडीवाट माळावरून त्या बनापर्यंत जायची. त्याच वाटेवर, नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपार कलताना मला ती पहिल्यांदा दिसली.

आधी मला वाटलं, कुणाचं तरी गाठोडं पडलंय. मग ते गाठोडं हललं. तीस-बत्तीस वर्षांची बाई होती. दोन्ही पाय लहानपणीच्या तापात गेलेले, वाळक्या काटक्यांसारखे एका अंगाला दुमडलेले. कमरेखाली ट्रकच्या टायरचा तुकडा बांधलेला आणि दोन्ही हातांत लाकडी ठोकळे. ठोकळे पुढे टेकायची, हातांवर अंग उचलायची आणि हातभर पुढे जाऊन बसायची. गावापासून तिथवर पाऊण मैल तरी होतं.

"काय पाहिजे बाई?" मी विचारलं. "इथून लाकूडफाटा न्यायला बंदी आहे."

"फाटा कशानं न्हिऊ?" ती म्हणाली. "ह्ये हात चालायला लागत्यात."

"मग काय काम असतं तुमचं इथं?"

"काम न्हाय. बसती."

"नुसतं बसायला एवढ्या लांब येता?"

तिनं ठोकळे खाली ठेवले, पदरानं तोंड पुसलं. "घरी बी बसूनच असती की. पर तितं समदी बगत्यात. हितं कुणी बगत न्हाय."

चराईचे नियम मला पाठ होते, गवत कापायचे पाठ होते. नुसतं बसण्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं. मी बाजूला झालो तशी ती म्हणाली, "सायेब, पाय बगून टाका. म्होरं टिटवीची अंडी हायती." खाली पाहिलं, तर माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर मातीच्याच रंगाची चार अंडी होती. मला ती दिसलीच नव्हती.

सगळा गाव तिला आक्का म्हणायचा. भाऊ-भावजयीपाशी राहायची आणि सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. ठरलेला माल पुरा झाला की तीनच्या सुमाराला घराबाहेर पडायची, बनात तासभर बसायची आणि दिवस मावळायच्या आत परत जायची. भावजयीनं पुढे मला सांगितलं की लग्न होऊन ती त्या घरात आली त्याआधीपासून हा नेम होता. मी रोज आक्काला बघायचो आणि काही दिवसांनी बघेनासा झालो, म्हणजे ती तिथली असल्यासारखीच झाली. कधी दोन शब्द बोलायचो. होल्याचं घरटं कुठल्या बाभळीवर आहे, ओढ्यातलं पाणी कधी आटतं, हे सगळं तिला ठाऊक असायचं.

पुढच्या वर्षी गुरांचा उपद्रव वाढला. पाऊस बरा झालेला, रोपं हिरवी झालेली. गाई-म्हशी आत शिरून एका रात्रीत ओळीच्या ओळी फस्त करायच्या. वरच्या साहेबांनी तपासणीत मला चांगलंच झापलं आणि भोवतीनं चर खणायचा हुकूम दिला. मजूर लावून कमरेइतका खोल चर खणून झाला. प्रश्न उरला गाडीवाटेचा. बैलगाड्यांना लांबून दुसरा रस्ता होता, पण ही वाट पुरी बंद केली असती, तर ओढ्यापलीकडच्या शेतांत चालत जाणाऱ्या लोकांनी ओरड केली असती.

तेव्हा मी एक युक्ती काढली. शहाबादी फरश्या उभ्या पुरायच्या, अशा नागमोडी की माणूस वळून वळून आत जाईल, पण गुराचं लांब अंग त्या वळणात मावणार नाही. साहेबांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "डोकं आहे तुला." त्या एका वाक्यावर मी महिनाभर तरंगत होतो.

काम करायला गावातलाच एक वयस्कर गवंडी होता. त्याच्या घरची बोली कानडी, पण मराठी आमच्याइतकीच सरळ. त्यानं दोन दिवसांत फरश्या उभ्या केल्या. मी लांबून पाहिलं. काम बरोबर होतं, पण मला ते उघडं-उघडं वाटलं. साहेब पाहायला येणार होते.

"तोंडाशी खाली एक आडवी फरशी बसवा," मी म्हणालो. "गुडघाभर. ओलांडून जायचं. म्हणजे काम पक्कं दिसेल."

गवंड्यानं थापी खाली ठेवली. "वळणानंच गुरं अडत्यात की. आडवी कशाला? आन् आक्का कशी जाणार?"

"कोण आक्का?" मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. मग मलाच बोलावं लागलं. "अहो, ती काय कामाला येते का? शेताला जाणाऱ्या माणसांची वाट आहे ही. तिचं बघू नंतर."

एवढी वर्षं झाली, कितीतरी गोष्टी विसरलो, पण 'कोण आक्का' हे दोन शब्द मी ज्या आवाजात म्हणालो तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी विसरलो असतो, माझ्या ध्यानात आलं नसतं, तर गोष्ट वेगळी होती. माझ्या ध्यानात होतं. गवंड्यानं मुकाट्यानं आडवी फरशी बसवली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी वाटेपासून थोड्या अंतरावर रोपांना आळी करत होतो. आक्का येताना दिसली. मी उठलो आणि एका जुन्या लिंबाच्या बुंध्याआड जाऊन उभा राहिलो. का गेलो, याचं उत्तर तेव्हाही सोपं होतं. तिनं मला बघितलं असतं तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं.

ती फरशीपाशी पोचली. ठोकळे बाजूला ठेवून तिनं फरशीच्या कडेवर तळवा ठेवला, मग तोच तळवा आपल्या छातीला लावला. बसल्या जागी ती फरशी तिच्या छातीशी येत होती. दोन्ही हात कडेवर टेकून तिनं अंग वर उचललं, पण पलीकडे अंग टाकायला जागाच नव्हती. समोर लगेच वळणाची उभी फरशी. ती परत खाली बसली. असं दोनदा झालं. मग थोडा वेळ ती तिथंच, फरशीकडं तोंड करून बसून राहिली. मला वाटत होतं, आता जावं, निदान हात द्यावा. मी बुंध्याआडून हललो नाही. शेवटी तिनं ठोकळे उचलले, वळली आणि आल्या वाटेनं निघून गेली.

त्यानंतर ती यायची थांबली. मी मनाला सांगितलं, विड्यांचं काम वाढलं असेल. साहेब येऊन गेले, काम बघून खूश झाले, आणि तशीच वाट आणखी दोन ठिकाणी करायला सांगून गेले. मी केली. तिन्ही ठिकाणी आडवी फरशी बसवली.

ती थांबली नव्हती, हे मला पावसाळ्यात कळलं. एका सरीनं चराचा काठ एका जागी ढासळून उताराचा झाला होता. आक्का चराच्या कडेकडेनं फिरत ती जागा शोधत गेली होती, किती दिवस कोण जाणे. एके दिवशी ती त्या उतारावरून चरात उतरली. उतरताना ओली माती सुटली, ती घसरली आणि सगळं अंग उजव्या हातावर आलं. हात कोपराच्या खाली मोडला. दुपारपासून ती चरात पडून होती. संध्याकाळी रस्त्याच्या कामावरून परतणाऱ्या बायकांनी तिची हाक ऐकली आणि तिला साडीची झोळी करून बाहेर काढलं.

मी त्या दिवशी रजा घेऊन बार्शीला गेलो होतो, मुलगी बघायला. परत आलो तेव्हा गवंड्यानं मला सगळं सांगितलं. आडव्या फरशीचं नाव मात्र त्यानं काढलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तिच्या घरी जायला मला चार दिवस लागले. सोलापुरात हाताला प्लास्टर घालून तिला घरी आणलं होतं. ओसरीवर भिंतीला टेकून ती बसली होती. भावानं मला पाट दिला, भावजयीनं पाणी आणलं. भाऊ म्हणाला, "सायेब, तुमी काय मुद्दाम केलं न्हाय. तिलाच कुणी सांगितलं हुतं चरात उतराय?"

मी मान हलवली. मला ते हवंच होतं, कुणीतरी असं म्हणावं. भाऊ बैलाला पाणी दाखवायला उठून गेला तेव्हा ती म्हणाली, "त्या दिशी तुमी लिंबामागं हुता की."

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"तुमचे बूट दिसत हुते," ती म्हणाली. "मला खालचंच आदी दिसतंय."

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिनं डोळे पुसले नाहीत. भावजय चहा टाकते म्हणाली, पण मी थांबलो नाही. घरापासून वाटेपर्यंत चालत गेलो आणि ती आडवी फरशी हातानं हलवायला लागलो. ती हलली नाही. गवंड्यानं काम चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच गवंड्याला बोलावलं. तिन्ही ठिकाणच्या आडव्या फरश्या काढायला एक दुपार लागली. फक्त एक दुपार. उभ्या फरश्यांच्या वळणानं गुरं खरोखरच अडत होती. त्यानं आधीच सांगितलं होतं तसं. मग मी वाटेकडं वळलो. फरशीपासून बनापर्यंत शंभरेक पावलं असतील. मी पहिल्यांदा ती वाट खाली वाकून, हात टेकून बघितली. बाभळीचे काटे मातीत सगळीकडे पसरलेले. बुटातून मला ते कधी कळलेच नव्हते. ते झाडून काढले, घळ्या बुजवल्या, वर मुरूम टाकून चोपून घेतला. ओढ्याजवळचा उतार लांबवून सौम्य केला. मजूर दोन दिवस होते, बाकी मीच करत होतो. नोंदीत 'चालवाट दुरुस्ती' असं लिहिलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. चूक झाली, भरून काढली, असं मी धरून चाललो होतो.

प्लास्टर निघालं, पण हात सरळ बसला नाही. कोपर वाकडंच राहिलं, आणि त्या हातावर भार टाकला की कळ यायची. एका हातानं अंगणापर्यंत जाता येत होतं, त्यापुढं नाही. भावानं सुताराकडून एक बुटका गाडा करून घेतला. जुन्या सायकलची दोन चाकं, मध्ये फळी, मागं ढकलायला दांडा. भावजय ढकलायची.

ज्या दिवशी त्या दोघी पहिल्यांदा वाटेवर आल्या, मी लपलो नाही. फरश्यांपाशी उभा होतो, दाखवायला उभा राहावं तसा. गाडा पहिल्या दोन फरश्यांच्या मध्ये शिरला आणि अडकला. चाकाचा आस दोन्ही बाजूंना घासत होता. चार बोटांनी कमी पडलं होतं.

भावजयीनं जोर लावला. मग ती म्हणाली, "वन्सं, उचलू का तुमाला? मी एकीकडनं, सायेब दुसरीकडनं."

"नगं," आक्का म्हणाली.

मला तेव्हा कळलं की मी वाट कुणासाठी केली होती. हात मोडायच्या आधीच्या आक्कासाठी. घरी जाऊन मी तिला विचारलं नव्हतं, आता कशी येणार, कशावर येणार. जे लिंबाआडून बघितलं होतं तेवढ्यावरनंच माप घेतलं होतं.

मी गाड्याच्या समोर उकिडवा बसलो, म्हणजे तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. "आक्का, कसं करू ते तुम्ही सांगा."

तिनं आधी अडकलेल्या चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी उठून जाईन, अशी तिची अपेक्षा असावी. मग म्हणाली, "गवंड्याला बोलवा."

पुढचे तीन दिवस तिनं काम करून घेतलं. सकाळी विड्यांचं सूप घेऊनच यायची, गाड्यावर बसून डाव्या हातानं जमेल तेवढी पानं कापायची आणि मध्येच सांगायची. ही फरशी दीड वीत मागं. ही राहू द्या. वळणावर गाडा फिरवायला जागा लई लागती, तितली काढा, पलीकडं लावा. उतारावर मध्ये एक सपाट टप्पा पाहिजे, ढकलणारीला दम घ्यायला; हे मला जन्मात सुचलं नसतं. बनात ज्या बाभळीखाली ती बसायची तिथं गाड्याच्या उंचीचा एक दगडी कट्टा तिनं घालून घेतला, म्हणजे गाड्यावरून कट्ट्यावर तिला स्वतःला सरकता येईल. गवंडी मध्येच कानडीत काहीतरी म्हणाला आणि ती हसली. मी तिला हसताना तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. काय म्हणाला ते मी विचारलं नाही.

रुंद झालेल्या वळणातून महिनाभरातच एक कालवड आत शिरली आणि करंजाची पंधरा-वीस रोपं तिनं खाल्ली. साहेबांनी लेखी खुलासा मागितला: मंजूर नकाशात बदल कोणाच्या परवानगीने केला. मी लिहिलं, परवानगी घेतली नव्हती. एका अपंग बाईचा हात माझ्या कामामुळे मोडला. साहेबांनी मला समोर बसवून तो कागद परत दिला. "हे असलं लिहू नको. उद्या अंगाशी येईल. 'वाहतुकीच्या सोयीसाठी' असं लिही." मी तसं लिहिलं. तेही मला आज बोचतं. खरं एकदाच कागदावर आलं होतं, आणि ते मीच मागं घेतलं. वळणापाशी एक हलकं लाकडी फाटक बसवायची मात्र त्यांनी परवानगी दिली. आक्काच्या हाताला येईल इतक्या खाली त्याची कडी लावली.

त्या वाटेचा उपयोग पुढं बऱ्याच जणांना झाला. गुडघे धरलेला एक म्हातारा काठी टेकत यायचा. डोईवर भारा घेतलेल्या बायका सरळ जायच्या. आडव्या फरशीवरून त्या किती दिवस पाय उचलून गेल्या होत्या आणि एक चकार शब्द बोलल्या नव्हत्या, हे मला नंतर समजलं. लोक मला चांगलं म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो.

आक्का आठवड्यातून दोनदा यायची, कधी एकदाच. भावजयीला घरचं काम असे, ती तिला कट्ट्यावर सोडून जायची आणि तासाभरानं न्यायला यायची. कधी तास व्हायच्या आतच यायची, कधी दिवस मावळला तरी यायची नाही. आधी आक्का मनात येईल तेव्हा निघत होती आणि मन भरलं की परतत होती. आता तिला कुणाच्या तरी सवडीनं जावं लागायचं आणि कुणाच्या तरी सवडीनं यावं लागायचं. मी कितीही मुरूम टाकला तरी ते परत देता येणार नव्हतं.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. ती ओसरीवर सूप घेऊन बसली होती. वाकडा हात मांडीवर, डाव्या हातात कात्री, पानावर पत्र्याचं माप ठेवून कापत होती. मी बदलीचं सांगितलं. नवा गार्ड येईल, फाटकाचं आणि काटे झाडायचं त्याला सांगून ठेवलंय, असंही सांगितलं. ती ऐकत होती.

मग मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. "आक्का, माझं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली.

ती आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबलो. जाऊ द्या, झालं ते झालं, असं कुणीही म्हणतं. ती तसं म्हणाली नाही. तिनं कापलेलं पान बाजूच्या ढिगावर ठेवलं आणि दुसरं घेतलं. आतून भावजयीनं चहा आणला. मी तो बसून प्यायलो, कप खाली ठेवला आणि उठलो.